संत्र्याच्या ताणाला पुरेल अशी बॅटरी कोणती?

पत्र : सर, मी वरूड तालुक्यातला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची संत्र्याची बाग आहे आणि बाबा यंदा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा, धरणार आहेत. झाडं एकदम फुलावीत म्हणून पाणी तोडून बाग ताणावर सोडली की बाबा दोन-चार दिवसांआड झाडाखाली कुदळीनं उकरून ओल बघतात. म्हणून मी अर्डुइनो ऊनो हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, ओलाव्याचा कपॅसिटिव्ह सेन्सर आणि सोळा बाय दोनचा डिस्प्ले जोडून एक पेटी केली. घरी यूएसबीवर छान चालते. वावरात ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर लावली, तर संध्याकाळी लावलेली सकाळी बंद. अशा तीन बॅटऱ्या संपल्या. बाबा म्हणतात, फवारणी पंपाची बॅटरी पडूनच आहे, ती लाव. मित्र म्हणतो १८६५० ही लिथियम-आयन बॅटरी घे, ऑनलाइन ९९०० एमएएचची स्वस्तात मिळते. मावसभाऊ पॉवर बँक द्यायला तयार आहे. वावरात लाइन रात्रीची येते आणि तिचाही भरवसा नाही. दीड महिना हात न लावता चालेल अशी कोणती बॅटरी घेऊ?

उत्तर : तुझ्या पत्रातली कुदळ मला फार आवडली. छंद म्हणून मायक्रोकंट्रोलर हाती घेणारी बरीच मुलं एलईडी लुकलुकवून थांबतात. तू बाबांचं नेहमीचं काम पाहिलंस आणि त्यासाठी पेटी केलीस. ती पेटी ताणाचे सगळे दिवस चालली पाहिजे, असं मलाही मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बॅटरीचं नाव आधीच सांगून टाकतो. चांगल्या कंपनीचे तीन अल्कलाइन पेन्सिल सेल (एए मापाचे) घे, बास. पण तुझ्या आजच्या पेटीला ते लावशील तर तेही एका दिवसात संपतील. तुझ्या पत्रात चार बॅटऱ्यांची नावं आहेत, पण पेटी तासाला किती वीज खाते हे एकदाही आलेलं नाही. तिथूनच सुरुवात करू.

ऊनो बोर्ड नुसता चालू ठेवला, काही काम दिलं नाही, तरी साधारण ५० मिलीअँपिअर ओढतो. हा खर्च मुख्य चिपचा कमी आणि सोबतच्यांचा जास्त : यूएसबीसाठीची दुसरी चिप, व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर, सतत जळणारा छोटा दिवा. डिस्प्लेच्या मागचा उजेड आणखी सुमारे २० मिलीअँपिअर घेतो आणि सेन्सर ५ च्या आसपास. एकूण झाले ७५. तुझ्या चौकोनी बॅटरीत, ती अल्कलाइन असली तर, सुमारे ५०० एमएएच, म्हणजे मिलीअँपिअर-तास, मावते. ५०० भागिले ७५ म्हणजे साडेसहा तास. दुकानात स्वस्तात मिळते ती बहुधा झिंक-कार्बनची असते आणि तिच्यात याहून बरंच कमी असतं. म्हणजे तुझ्या तिन्ही बॅटऱ्यांनी त्यांच्या ताकदीइतकं काम केलं, फसवलं कोणीच नाही.

या चौकोनी बॅटरीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण नव्यानं शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण तिच्यापाशीच अडखळतो. १९५० च्या दशकात ट्रान्झिस्टर रेडिओसाठी ती आली. आत दीड-दीड व्होल्टचे सहा छोटे सेल एकापुढे एक जोडलेले असतात. रेडिओला वीज थोडीच लागायची, ती या छोट्या सेलांना झेपायची. मल्टिमीटरमध्ये ती आजही वर्षभर टिकते ती याचमुळे. जास्त प्रवाह मागितला की तिचं व्होल्टेज लगेच खाली बसतं. त्यात ऊनोच्या गोल सॉकेटला किमान ७ व्होल्ट लागतात. बॅटरी त्याखाली गेली की बोर्ड अडखळू लागतो, आणि तेव्हा आतल्या प्रत्येक सेलवर अजून १.१ व्होल्टच्या आसपास शिल्लक असतं. म्हणजे तू बॅटरी फेकलीस तेव्हा ती पुरती रिकामीही झालेली नव्हती. शिवाय ९ चे ५ व्होल्ट करताना रेग्युलेटर वरचे ४ व्होल्ट उष्णता करून उडवतो. जवळजवळ निम्मी वीज तिथेच गेली.

आता बाबांची सूचना. फवारणी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची शिसं-आम्लाची बॅटरी असते. म्हणजे ८००० एमएएच. एवढी मोठी बॅटरी कधी संपणार नाही असं वाटतं, पण ७५ नं भागून बघ : १०६ तास, साडेचार दिवससुद्धा नाहीत. त्यातही या जातीची बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे खरे दोनच दिवस. ती पूर्ण उतरून तशीच पडून राहिली तर आतल्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती पुन्हा धड चार्ज होत नाही. मे महिन्यात तू ओल मोजलीस आणि जुलैत ऐन फवारणीच्या वेळी बाबांचा पंप बसला, असं व्हायला नको. ती बॅटरी पंपासाठीच राहू दे. पडून आहे म्हणतात तर महिन्यातून एकदा चार्ज मात्र कर, पडून राहिली तरी ती हळूहळू उतरतेच.

पॉवर बँकेचं थोडक्यात. तिच्यावर लिहिलेले १०,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात. ५ व्होल्टवर बाहेर येताना ते ७४०० होतात आणि रूपांतरातली घट धरली तर आणखी कमी. खरी अडचण वेगळीच आहे. समोरचं यंत्र फार थोडी वीज घेतंय असं दिसलं की बहुतेक पॉवर बँका, मोबाइल चार्ज झाला असं समजून, आपोआप बंद होतात. आपल्याला तर पेटीचा खर्च अगदी कमी करायचा आहे. जितकं चांगलं काम करशील तितक्या लवकर पॉवर बँक झोपेल. घरी टेबलावर जुळवाजुळव करायला ती उत्तम आहे, तिथे जरूर वापर.

मग खर्च कमी कसा करायचा? ऊनोऐवजी प्रो मिनी घे, ३.३ व्होल्ट आणि ८ मेगाहर्ट्‌झचा. चिप तीच आहे, एटमेगा ३२८पी, त्यामुळे तुझा प्रोग्रॅम जवळजवळ तसाच चालेल. यूएसबीचा सगळा पसारा मात्र नाही. नागपूरला सीताबर्डीत मिळेल, नाही तर कुरिअरनं मागव. ऊनो ठेवून दे, त्याचाच प्रोग्रॅमर करून प्रो मिनीत प्रोग्रॅम भरता येतो. भरताना सेन्सर आणि डिस्प्ले सुटे ठेव.

प्रो मिनीवरचा छोटा दिवा सोल्डरिंगनं काढून टाक. हात थरथरेल, पण काढच. तो १ मिलीअँपिअर खातो असं धर. दिवसाचे २४ तास, ४५ दिवस, म्हणजे १०८० एमएएच. तिन्ही पेन्सिल सेलांमधली जवळजवळ निम्मी शक्ती, नुसतं 'मी चालू आहे' हे सांगायला, आणि तेही बंद पेटीत जिथे ते कोणाला दिसतही नाही. बोर्डवरचा रेग्युलेटरही निघाला तर काढ; नाहीच निघाला तर थोडी गळती राहील, तेवढी चालून जाईल. सेलांची धन तार सरळ व्हीसीसी पिनला आणि ऋण तार ग्राउंडला जोड, रॉ लिहिलेल्या पिनला नको.

तीनच सेल का, हे समजून घे. ही चिप ५.५ व्होल्टपर्यंत सहन करते आणि ८ मेगाहर्ट्‌झवर २.७ व्होल्टपर्यंत नीट चालते. नवे अल्कलाइन सेल १.६ च्या आसपास असतात, तीन मिळून ४.८. पार वापरून झालेला सेल ०.९ वर येतो, तीन मिळून २.७. म्हणजे सेल भरलेले असोत की संपत आलेले, चिपला चालणाऱ्या पट्ट्यातच राहतात आणि मध्ये रेग्युलेटर लागतच नाही. चार सेल घेतलेस तर ६.४ व्होल्ट होतील आणि चिप जळू शकते.

आता चिपला झोपवायला शिक. पॉवर-डाउन झोपेत, वॉचडॉग टायमर (ठरल्या वेळानं उठवणारं आतलं घड्याळ) चालू ठेवूनही, ती ५ मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. मिलीअँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोअँपिअर. वॉचडॉग जास्तीत जास्त ८ सेकंदांनी उठवतो, म्हणून उठल्यावर फक्त मोजणी एकनं वाढवायची आणि पुन्हा झोपायचं. असं ४५० वेळा झालं की तास भरला, तेव्हा एकदा ओल मोजायची. वॉचडॉगचं घड्याळ उन्हात थोडं पुढेमागे होतं, पण आपल्याला रेल्वे पकडायची नाही. मातीतली ओल मिनिटामिनिटाला बदलत नसते, ताणात तर नाहीच.

सेन्सरला वीज कायम देऊ नको. त्याची पॉवरची तार चिपच्या एका डिजिटल पिनला जोड, मोजण्याआधी पिन चालू कर, क्षणभर थांब, वाच, बंद कर. पिनला २० मिलीअँपिअर झेपतात आणि सेन्सरला ५ पुरतात. मोजलेला आकडा ० ते २५५ मध्ये बसवून चिपच्याच ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, लिही. तिथे १०२४ बाइट जागा आहे. दिवसाचे २४ आकडे धरले तर ४२ दिवसांची नोंद होते, वेगळं मेमरी कार्ड लागत नाही. भारी काळ्या जमिनीत ताण लांबला तर दोन तासांनी एक आकडा घे.

डिस्प्ले बदल. सोळा बाय दोनचा डिस्प्ले ५ व्होल्टचा आहे, सेल उतरू लागले की त्याची अक्षरं पुसट होतात. त्याऐवजी ०.९६ इंची ओलेड लाव. उन्हात तो नीट दिसत नाही, झाडाच्या सावलीत दिसतो. बाबांनी बटण दाबलं की मिनिटभर लागेल आणि मग प्रोग्रॅममधूनच त्याला बंद व्हायचा आदेश जाईल, अशी व्यवस्था कर.

पुन्हा हिशोब मांडू. झोप आणि तासाला एकदाचं मोजणं, सगळं सढळ हातानं धरून सरासरी २० मायक्रोअँपिअर. दिवसाला अर्धा एमएएचसुद्धा होत नाही, ४५ दिवसांत २२. ओलेडला २० मिलीअँपिअर आणि बाबांनी दिवसातून चारदा बटण दाबलं तर चार मिनिटं, म्हणजे दिवसाला १.३ एमएएच, ४५ दिवसांत ६०. या पेटीत सर्वांत जास्त खाणारं काही असेल तर बाबांनी चार वेळा डोकावणं आहे, आणि तो खर्च खुशाल होऊ दे, पेटी त्यासाठीच तर आहे. एकूण शंभराच्या आत. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमधून इतक्या कमी प्रवाहावर २००० एमएएचहून जास्त मिळतात. दीड महिना सोड, हाच संच पुढच्या आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्यातल्या, ताणालाही चालेल.

हे सगळं माझ्या शब्दावर घेऊ नको, मोजून बघ. शंभर ओहमचा रेझिस्टर, तपकिरी-काळा-तपकिरी पट्ट्यांचा, सेलच्या धन तारेत मध्ये जोड. पिवळ्या साध्या मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्ट रेंजवर त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज वाच. १ मिलिव्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर. झोपेत २ मिलिव्होल्टच्या आत दिसलं तर जिंकलास. ५० किंवा १०० दिसलं तर कुठेतरी काहीतरी जागं आहे : दिवा, सेन्सर नाही तर ओलेड. एकेक सुटं करून शोध. हे मोजताना डिस्प्लेचं बटण दाबू नको, नाही तर रेझिस्टरवर व्होल्टेज पडून चिप नव्यानं सुरू होईल.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती चुकली तर बागेचं नुकसान होऊ शकतं. तुझी चिप ओल मोजताना सेलच्या व्होल्टेजला पूर्ण धरून त्याच्या तुलनेत आकडा देते. सेन्सरच्या पट्टीवर मात्र बहुधा स्वतःचा छोटा रेग्युलेटर असतो. सेल उतरत गेले, माती होती तशीच राहिली, तरी आकडा वाढत जाईल. या सेन्सरमध्ये मोठा आकडा म्हणजे कोरडी माती. म्हणजे बाग ताणावर असताना पेटी सांगेल 'फार कोरडं झालं' आणि बाबा आठ दिवस आधीच पाणी सोडतील, बहार हुकेल. उपाय सोपा आहे : चिपच्या आत १.१ व्होल्टचा ठरलेला संदर्भ असतो, त्याच्याशी तुलना करून प्रत्येक वेळी सेलचं खरं व्होल्टेज काढ आणि आकडा त्या प्रमाणात दुरुस्त कर. तेच व्होल्टेज डिस्प्लेवर कोपऱ्यात दाखव, म्हणजे सेल कधी बदलायचे तेही कळेल. ३.६ च्या खाली आलं की बदल, त्याच्या पुढे सेन्सरच्या रेग्युलेटरचाही भरवसा राहत नाही.

१८६५० बद्दल तुझ्या मित्राला एवढं सांग की १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब अशा त्या नळकांड्यात ९९०० एमएएच मावूच शकत नाहीत. नावाजलेल्या कंपन्यांच्या चांगल्या सेलमध्ये २५०० ते ३५०० असतात. अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास भरतं. नकली सेल हातात घेतला तरी हलका लागतो. पण सेल अस्सल असला तरी तुझ्या कामाला मी तो सुचवणार नाही, आणि त्याचं कारण आपला उन्हाळा आहे. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतली हवाच ४५ ला टेकते. उन्हातली बंद पेटी त्याहून दहा-पंधरा अंश सहज तापते. बाजारात मिळणारा टीपी ४०५६ चा चार्जर सेल किती तापलाय हे बघत नाही, कारण त्या बोर्डवर तापमानाची पिन ग्राउंडला जोडूनच टाकलेली असते. त्याला सोलर पॅनल लावलं तर ऐन दुपारी, सेल सर्वांत तापलेला असताना, तो सर्वांत जोरात चार्ज होतो.

मी स्वतः एकदा जुन्या मोबाइलची बॅटरी काळ्या डब्यात घालून टिनाच्या छपराखाली ठेवली होती, वीस दिवसांसाठी. उघडली तेव्हा ती उशीसारखी फुगलेली होती. आग लागली नाही, पण खाली कोरडा कडबा रचलेला होता. तो कडबा मला अजून आठवतो. तुझ्या बागेत मे महिन्यात झाडाखाली वाळकी पानं असतील. म्हणून बिनदेखरेखीच्या पेटीत लिथियम-आयन नको.

पुढेमागे तुला मोबाइलवर निरोप पाठवावासा वाटेल, आणि तेव्हा हे सगळं गणित बदलेल. सिमकार्डचं मॉड्यूल निरोप पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत झटका मारतं. वाय-फायचा ईएसपी ३२ सुद्धा काहीशे मिलीअँपिअर मागतो. तिथे पेन्सिल सेल दमतील. ईएसपी ३२ घेतलास तर लिथियम फेरो फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा सेल बघ. तो उष्णता जास्त सोसतो आणि सहसा पेट घेत नाही. पण त्याला त्याचाच चार्जर लागतो, टीपी ४०५६ मुळीच नाही, कारण तो ४.२ व्होल्टपर्यंत चढवतो आणि हा सेल ३.६५ वर भरतो. ते काम हातात घेशील तेव्हा पुन्हा पत्र लिही. यंदा फक्त ओल मोज.

पेटीसाठी पांढरा किंवा फिकट रंगाचा जंक्शन बॉक्स घे. सावलीसाठी ती खोडाच्या उत्तरेला टांगावी असं तुला वाटेल, पण उन्हाळ्यात ते चालत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि सकाळ-संध्याकाळ तर उत्तरेकडूनच तापतो. म्हणून पेटी फांद्यांच्या आत, दाट पानांखाली बांध. ताणात पानं मलूल पडून काही गळतात, तेव्हा आठ दिवसांनी सावली कुठे उरली तेही बघ. तारा आत जातात ती भोकं एम-सीलनं बुजव, नाही तर मुंग्या घर करतात. सेन्सरच्या वरच्या टोकाला जिथे चिप आणि जोड आहेत तिथे, आणि पट्टीच्या कडांनाही, नेलपॉलिशचे दोन-तीन हात दे. सेल ठेवायचा होल्डर घट्ट स्प्रिंगचा घे. तिन्ही सेल एकाच पाकिटातले नवे असू देत. रिमोटमधला एक जुना त्यात मिसळला तर तोच आधी संपून गळतो आणि त्यातला क्षार तांब्याचे जोड खातो. मृगाचा पाऊस लागला आणि ताण मोडला की सेल काढून घरी आण.

पाणी तोडायच्या आठ दिवस आधी पेटी लाव. ताणाचे पहिले पंधरा दिवस बाबांना कुदळ ठेवायला सांगू नको. ते उकरतील तेव्हा ओल हातात घेऊन काय म्हणाले, ढेकूळ फुटलं की दबलं, पानं कशी दिसताहेत, हे वहीत लिही आणि शेजारी त्या वेळचा पेटीचा आकडा लिही. हलक्या जमिनीतलं एक झाड आणि भारीतलं एक, अशा दोन ठिकाणच्या नोंदी झाल्या तर फार उत्तम. त्या वहीचे फोटो मला पाठव, मी वाट बघतो आहे.